अडलेला हप्ता

शेतकऱ्याच्या बँक खात्यात सरकारने थेट पैसे जमा करावेत ही कल्पना मला मनापासून पटते, आणि पटते म्हणूनच तिच्यातली एक उणीव मला स्वस्थ बसू देत नाही. पैसे पाठवण्याची व्यवस्था आपण चांगली उभी केली; वाटेत अडलेले पैसे सोडवणे हे नेमके कुणाचे काम, हे ठरवायचे मात्र राहून गेले. पुण्यात राहून गावाशी नाते टिकवलेल्या अनेकांना याचा अनुभव असेल, कारण दर चार महिन्यांनी गावाकडून कुणाचा तरी फोन येतो आणि ‘सगळ्यांचा हप्ता पडला, आमचाच का नाही पडला, जरा बघतेस का?’ असे विचारले जाते.

प्रधानमंत्री किसान सन्मान निधीची (पीएम-किसानची) घोषणा १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला गोरखपूरमधून पहिला हप्ता सुटला. वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,००० असे तीन हप्ते, हे तिचे स्वरूप तेव्हापासून तसेच आहे. आरंभी ती दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांसाठी होती. १ जून २०१९ पासून ती मर्यादा काढली आणि नावावर शेतजमीन असलेली सगळी कुटुंबे तिच्यात आली. प्राप्तिकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून बाकीचे सरकारी नोकरदार, महिन्याला १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, डॉक्टर, वकील, अभियंते यांना वगळले. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले मिळून एक कुटुंब धरले. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून यात आपले ६,००० घातले आणि त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीत वितरित झाला. राज्याने त्यासाठी नव्याने अर्ज मागवले नाहीत, केंद्राचीच यादी घेतली. लोकांना पुन्हा रांगेत उभे न करण्याचा हा निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे असेही झाले, की ज्याचे नाव केंद्राच्या यादीत अडले त्याचे राज्याचे पैसेही अडतात, आणि एका चुकीची किंमत वर्षाला १२,००० रुपये होते.

पुण्यात या पैशांविषयी बोलणे निघाले, की ‘यांना सगळे फुकट मिळते’ हे वाक्य येतेच. ते बोलणाऱ्यांना मी एकच हिशेब सांगते. डीएपी खताची गोणी १,३५० रुपयांना आणि युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. एक डीएपी आणि दोन युरिया घेतले की १,८८३ रुपये होतात. म्हणजे केंद्राच्या एका हप्त्यात लहानशा रानाच्या पेरणीचे खत निघते, बियाणे नाही, मशागत नाही, मजुरी नाही. तेवढे खत रोखीने घेता आले तर कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराकडे उधारी करावी लागत नाही, आणि उधारीवर घेणाऱ्याला दुकानदार देईल तो माल त्याच्या भावाने घ्यावा लागतो, हे ज्याने गावात खरीप पाहिला आहे त्याला ठाऊक असते. दोन हजारांचे मोल हे आहे. पण ते मोल पैसा पेरणीआधी हातात आला तरच टिकते. २०२४ मध्ये एप्रिल ते जुलै या काळाचा हप्ता १८ जूनला वाराणसीहून सुटला, म्हणजे बऱ्याच ठिकाणी वाफशाच्या, रान पेरणीजोगे होण्याच्या सुमारास मिळाला. २०२५ मध्ये त्याच काळाचा हप्ता २ ऑगस्टला, पुन्हा वाराणसीहूनच, सुटला. तोवर आमच्याकडे बाजरी उगवून कोळपायला आली होती. हप्ता कधी सुटणार हे कार्यक्रम ठरल्यावर कळते आणि मृगाची पेरणी त्यासाठी थांबत नाही. या योजनेत एकही रुपया न वाढवता करता येण्याजोगी सर्वांत मोठी सुधारणा कोणती असे मला विचारले, तर मी म्हणेन, वर्षाच्या तीन तारखा आधीच ठरवून टाका. पगाराची तारीख ठरलेली असली की घर चालते, आणि शेतकऱ्याचे घरही घरच आहे.

रक्कम वाढवण्याचा प्रश्न आहेच. संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये ६,००० चे १२,००० करावेत अशी शिफारस केली होती. २०१९ चे दोन हजार आणि आजचे दोन हजार बाजारात सारखे राहिलेले नाहीत, त्यामुळे ती शिफारस मला रास्त वाटते. मात्र त्याहून मोठा भाग शेतमालाच्या भावाचा आहे आणि त्याबद्दल गप्प राहणे बरोबर नाही. आमच्याच जिल्ह्यात, चाकणच्या कांद्यापासून शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी आंदोलन उभे केले आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा गावोगाव गेली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, तेव्हा या घोषणेचा अर्थ पुन्हा नव्याने कळला. समजा, एखाद्याकडे ५० क्विंटल कांदा आहे आणि निर्णयानंतर भाव क्विंटलमागे केवळ ५०० रुपयांनी उतरला, तरी त्याचे २५,००० रुपये जातात. केंद्र आणि राज्य दोघांचे मिळून वर्षाचे बारा हजार त्याची अर्धी भरपाईही करत नाहीत. थेट मदत हवीच, पण ती भावाच्या जागी चालणार नाही. हे नोंदवून मी माझ्या मूळ विषयाकडे येते.

थेट पैसे येण्याआधीचे दिवस मी पाहिले आहेत आणि ते परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही. तेव्हा शेतकऱ्याला अनुदान म्हणून वस्तू मिळत: फवारणीचा पंप, ताडपत्री, कडबाकुट्टी. यादीत कुणाचे नाव लागणार हे गावातल्या वजनदार माणसांच्या घरी ठरे, पंप मिळाला तरी त्याचा दर्जा घेणाऱ्याच्या हाती नसे, आणि ज्याला पाण्याची मोटार हवी त्याला पंप घेऊन गप्प बसावे लागे. २०१६ च्या अखेरीस राज्याने वस्तूंऐवजी पैसे खात्यात देण्याचे धोरण घेतले. माझ्या काकांनी त्या सुमारास आपल्या पसंतीच्या दुकानातून आपल्या पसंतीचा पंप आणला आणि त्याचे अनुदान थेट पासबुकात नोंदलेले पाहिले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते त्यात रकमेचा वाटा लहान होता. कुणाच्या दारात न जाता आपले काम झाले, हे त्यांना महत्त्वाचे वाटले होते. थेट हस्तांतराने दिलेली ही प्रतिष्ठा खरी आहे, आणि म्हणूनच काकांच्या मागे काकूंच्या वाट्याला जे आले ते मला फार लागले.

काका दिवाळीनंतर गेले. त्यांच्या नावाचा हप्ता पुढच्या वेळी आला नाही. तो थांबावा म्हणून कुणी अर्ज केला नव्हता. मृत्यूची नोंद झाली आणि हप्ता थांबला, हे नियमाला धरूनच झाले. पण काकूंच्या नावावर तो सुरू व्हावा म्हणून जे करावे लागले ते सगळे त्यांच्याकडून, त्यांच्या खर्चाने आणि त्यांच्या पायांनी झाले. आधी वारस नोंद. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे गेला, फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, धरला गेला, संबंधितांना नोटिसा निघाल्या, हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत गेली आणि मग मंडल अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. ही पद्धत असायलाच हवी, कारण जमिनीच्या मामल्यात एखाद्या बहिणीचे नाव परस्पर गाळले जाऊ नये म्हणूनच ती मुदत आहे. पण नोंद होऊन सातबारा हाती आला तेव्हा त्यावरचे काकूंचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव जुळेना. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि ऱ्हस्व-दीर्घ यांची सरमिसळ झाली होती. ती लेखनातली चूक दुरुस्त करण्यासाठी महसूल संहितेच्या कलम १५५ खाली पुन्हा अर्ज, पुन्हा तालुका.

त्यानंतर पीएम-किसानवर नवी नोंदणी झाली आणि ई-केवायसीची, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याची पाळी आली. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर होते. सेवा केंद्रातल्या मुलाने काकूंचा अंगठा यंत्रावर ठेवला, यंत्राने तो घेतला नाही. त्याने ओल्या फडक्याने अंगठा पुसला, पुन्हा ठेवला, मग तर्जनी, मग मधले बोट, मग दुसरा हात. काकूंनी उभ्या जन्मात खुरपणी केली आहे, काढणी केली आहे, शेणाने अंगण सारवले आहे, चुलीवर भाकरी थापली आहे. त्यांच्या बोटांवरच्या रेषा त्या कामात झिजून गेल्या आहेत. शेतकरी असल्याचा त्याहून थेट पुरावा कोणता असेल, हे मला त्या यंत्रासमोर फार तीव्रतेने जाणवले. तो मुलगा चांगला होता. त्याने अंगठ्याचा नाद सोडून आपल्या मोबाईलवर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय उघडली, जी या योजनेत २०२३ पासून आहे, आणि काकूंना बाहेर उजेडात आणले. चष्मा काढा, डोळ्यांची उघडझाप करा, असे तो सांगत होता आणि काकू पदर नीट करून फोटोला बसावे तशा ताठ उभ्या होत्या. काम झाले. ही सोय बोटे झिजलेल्या माणसांसाठी वरदान आहे आणि ती करणाऱ्यांचे आभार मानले पाहिजेत. पण ती आहे हे त्या मुलाला माहीत होते म्हणून काम झाले. त्याला माहीत नसते तर काकू परतल्या असत्या, आणि त्यांना परत पाठवल्याची नोंद कुठेही राहिली नसती.

एवढे होऊनही पैसे आले नाहीत. मोबाईलवर स्थिती पाहिली की कधी ‘आरएफटी साइन्ड बाय स्टेट’ दिसे, कधी ‘एफटीओ जनरेटेड’. पहिल्याचा अर्थ राज्याने रक्कम हस्तांतराच्या मागणीवर सही केली असा होतो आणि दुसऱ्याचा अर्थ रक्कम पाठवण्याचा आदेश निघाला असा. काकूंच्या नातवाने मला हे शब्द फोनवर वाचून दाखवले, आणि मी त्यांचे अर्थ शोधून सांगितले तरी काकूंना हवे होते ते उत्तर त्यात नव्हतेच. काही दिवसांनी स्थिती बदलली, पैसे जमा झाल्याचे दिसू लागले, पण पासबुकात नोंद नाही. शेवटी उलगडा झाला तो असा: आधारवर आधारित हस्तांतरात पैसे पासबुकावरच्या खाते क्रमांकाला पाहून जात नाहीत. कोणत्या आधारला कोणती बँक जोडलेली आहे याची नोंद राष्ट्रीय भुगतान निगमाकडे असते, एका आधारमागे तिथे एकच बँक असू शकते, आणि जी सर्वांत शेवटी जोडली गेली तिच्याकडे पैसे जातात. काकूंनी नेहमीच्या बँकेत आधारची झेरॉक्स दिली होती आणि ते खाते जोडले गेले असे त्या समजत होत्या. प्रत्यक्षात ती नोंद पुढे गेलेली नव्हती, आणि पूर्वी बचत गटाच्या वेळी शिबिरात उघडलेल्या, पासबुकही हरवलेल्या दुसऱ्याच एका खात्यात हप्ते मुकाट्याने पडत होते. पैसे सुरक्षित होते. पण त्याच काळात काकूंनी घरातली शेळी विकली होती.

या सगळ्या प्रवासात कुणी लाच मागितली नाही, कुणी उर्मटपणे बोलले नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. तलाठ्यांनी सांगितले की जमिनीचे काम झाले, आता कृषी सहायकांना भेटा. कृषी सहायकांनी सांगितले की मंजुरी झाली, आता बँकेत विचारा. बँकेने सांगितले की पैसे वरून येतात, आम्हाला काही दिसत नाही. १५५२६१ या मदत क्रमांकावरून तक्रारीचा क्रमांक मिळाला. प्रत्येक जण आपापल्या टेबलापुरता खरे बोलत होता, आणि चौघांचे खरे एकत्र करून ‘काकू, तुमचे पैसे अमुक ठिकाणी आहेत’ असे सांगणे कुणाच्याच कामात बसत नव्हते. राज्यात हे काम महसूल खात्याने करायचे की कृषी खात्याने, यावर बराच काळ वाद चालला. पुढे योजनेची जबाबदारी कृषी खात्याकडे आली, पण जमिनीची नोंद महसूलकडे, ओळख आधारकडे, खाते बँकेकडे आणि पैसे दिल्लीकडे, ही वाटणी तशीच राहिली. मधला दलाल गेला हे फार चांगले झाले. त्याच्याबरोबर, ज्याच्यासमोर उभे राहून जाब विचारता येत होता तो माणूसही गेला, आणि त्याच्या जागी आपण कुणाला बसवले नाही.

हा प्रश्न एकट्या काकूंचा नाही. मे २०२२ मध्ये शिमल्याहून अकरावा हप्ता सुटला तेव्हा १० कोटींहून अधिक कुटुंबांना सुमारे २१,००० कोटी रुपये दिल्याचे सरकारने सांगितले होते. जमिनीच्या नोंदी, ई-केवायसी आणि आधार जोडणी यांच्या अटी त्यानंतर कडक झाल्या, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बेळगावहून तेरावा हप्ता सुटला तेव्हा तो आकडा ८ कोटींहून थोडा अधिक कुटुंबे आणि सुमारे १६,००० कोटी रुपये इतका खाली आला होता. गळालेल्यांत प्राप्तिकर भरणारे, नोकरदार, एकाच घरातले दोघे असे खरोखरच अपात्र लोक होते; त्यांना पैसे मिळू नयेत हे योग्यच आहे आणि अशांकडून वसुलीच्या नोटिसाही निघाल्या. पण सगळेच तसे नव्हते, कारण पुढे मोहिमा घेऊन अनेकांना परत यादीत आणावे लागले आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमहून अठरावा हप्ता सुटला तेव्हा संख्या ९ कोटी ४० लाखांच्या आसपास आली होती. जे पात्र असून मधल्या काळात बाहेर राहिले, त्यांना आपण बाहेर का आहोत हे कुणी लेखी कळवले असेल असे मला गावातल्या एकाही घरात दिसले नाही.

सरकार शेतीवर खर्च करते ते पैसे हाती येईपर्यंत थांबायचे कुणी, याचाही विचार करावासा वाटतो. युरियाची गोणी २६६ रुपयांना मिळते ती मुळात फार महाग असते; फरकाची रक्कम सरकार खत कंपनीला देते, आणि दुकानातल्या यंत्रावर शेतकऱ्याने अंगठा देऊन खरेदी केल्यावर कंपनीचा दावा पुढे जातो. तिथे अनुदान रखडले तर थांबते ती कंपनी. तिच्याकडे हिशेबनीस असतात, बँकेची पत असते, मंत्रालयात पाठपुरावा करणारी माणसे असतात. शेतकऱ्याला त्या दिवशी कमी दरात गोणी मिळून गेलेली असते. ठिबक सिंचनाचे याच्या अगदी उलट आहे. केंद्राचे अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के, त्यावर राज्याची पूरक भर धरून ८० आणि ७५ टक्के, अशी उदार टक्केवारी कागदावर आहे. पण महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती, मग शेतकऱ्याने संच बसवायचा, बिल चढवायचे, मोका तपासणी, म्हणजे जागेवरची पाहणी, व्हायची आणि त्यानंतर निधी उपलब्ध होईल तेव्हा अनुदान खात्यात, हा क्रम आहे. निवड झाल्याच्या आनंदात सोने गहाण ठेवून संच बसवलेला माझा एक चुलतभाऊ पुढचा सबंध हंगाम व्याज भरत होता. त्याचे अनुदान आले, पूर्ण आले, आणि त्यातला बराच भाग सराफाच्या व्याजात गेला. टक्केवारी ठरवणाऱ्यांनी या व्याजाचा विचार करायला हवा. मंजूर अनुदान ठरलेल्या मुदतीनंतर दिले गेले तर त्यावर सरकारने शेतकऱ्याला व्याज द्यावे, ही मागणी मला अवास्तव वाटत नाही. थकबाकीदार शेतकऱ्याकडून बँक व्याज घेतेच.

थेट पैसे पोहोचतच नाहीत असा एक मोठा वर्गही आहे, तो म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा वाट्याने करणारा. सन्मान निधी सातबाऱ्यावरचे नाव पाहतो, रानात कोण राबतो हे पाहत नाही. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांत अशी कुटुंबे आहेत ज्यांची जमीन गावाकडे दुसराच कुणी कसतो. त्यांच्यात कुणी अप्रामाणिक आहे असे नाही. नियमाने ती पात्र आहेत. कसणाऱ्याचे नाव कागदावर आणावे म्हटले तर मालक बिचकतो, कारण १९४८ च्या कूळ कायद्याची आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाची आठवण अजून घराघरांत आहे. ज्या कायद्याने महाराष्ट्रात लाखो कुळांना जमिनीचे मालक केले, त्याच्याच धाकाने आजचा वाटेकरी तोंडी बोलीवर राबतो आणि अतिवृष्टीत पीक गेले तर पंचनाम्यात मालकाचे नाव लागते. जमीन जाणार नाही अशी हमी देऊन वहिवाटीची साधी नोंद करण्याची तजवीज झाल्याशिवाय हे सुटणार नाही, आणि ते अवघड आहे हेही मला मान्य आहे.

बायकांचे नाव कागदावर आणणे तसे अवघड नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तेव्हा पुष्कळ गावांत नवऱ्यांनी हयातीतच बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावले होते. आमच्या काकांनी ते केले असते, तर काकूंच्या नोंदणीतला सर्वांत लांबलेला टप्पा वाचला असता. ज्या घरात अजून फक्त पुरुषाचे नाव आहे त्या घराने हे काम दुःखाच्या दिवसांवर ढकलू नये, एवढे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत असते.

पुण्याचा या सगळ्याशी फार जवळचा संबंध आहे, आणि शहरात राहणाऱ्या आपल्याला त्याची फारशी जाणीव नसते. राज्यातल्या प्रत्येक सातबाऱ्याची व्यवस्था ज्या जमाबंदी आयुक्तांच्या अखत्यारीत आहे त्यांचे कार्यालय पुण्यात आहे, आणि कृषी आयुक्तालयही पुण्यातच आहे. जमिनीची नोंद आणि शेतकऱ्याची योजना या दोन बाजू एका शहरात बसतात. डिसेंबर २०२४ पासून शेतकरी ओळख क्रमांक देण्याचे काम राज्यात सुरू झाले आणि एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो बंधनकारक झाला. आधार आणि सातबारा एकाच क्रमांकाखाली आणण्याची ही खटपट मला स्वागतार्ह वाटते, मात्र एका अटीवर: तिचा उपयोग नाव काढण्याइतकाच नाव घालण्यासाठीही झाला पाहिजे. महसूल विभागाने १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेऊन मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी करायला घेतल्या, गावोगाव चावडी वाचन, म्हणजे नोंदींचे जाहीर वाचन, झाले. अशी वारस नोंद प्रमाणित झाली की त्याच क्षणी पात्र विधवेची पीएम-किसानची नोंदणी तिच्या संमतीने आपोआप पुढे जावी, तिला वेगळा अर्ज करावा लागू नये. दोन्ही नोंदी सरकारच्याच आहेत आणि त्यांची गाठ घालण्याचे काम सरकारनेच करायला हवे.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत द्यायची, नाकारायची तर कारण लेखी द्यायचे, त्यावर दोन अपिले आणि पुढे आयोग, आणि कसूर केल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. ‘अडलेल्या हप्त्याचे कारण आणि त्यावरचा उपाय लेखी कळवणे’ ही एक सेवा म्हणून या कायद्याखाली आणावी, तिची मुदत पंधरा दिवसांची असावी, आणि तालुक्यात एकाच अधिकाऱ्याचे नाव त्यासाठी फलकावर लागावे. त्या अधिकाऱ्याला महसूल, कृषी, आधार आणि बँक या चारही ठिकाणची स्थिती एका पडद्यावर दिसावी. ही माहिती संगणकात आज आहेच, ती तालुक्यातल्या एका माणसाला पाहण्याचा अधिकार द्यायचा आहे. शेतकऱ्याला कागदावर मराठीत तीन ओळी मिळाव्यात: पैसे कुठे आहेत, का अडले, आता कुणी काय करायचे.

काकूंचे हप्ते आता नेहमीच्या खात्यात येतात. काका गेल्यापासून नवी नोंदणी होईपर्यंतच्या काळाचे पैसे त्यांना मिळालेले नाहीत, कारण नव्या नावाचा लाभ नोंदणीपासून धरला जातो. नोटिशीची मुदत, नावातली दुरुस्ती, मंजुरीची वाट यांत गेलेला सगळा वेळ त्यांच्याच खात्यातून वजा झाला. वारसाच्या बाबतीत लाभ मृत्यूनंतरच्या पहिल्या हप्त्यापासून धरावा, असा एका ओळीचा बदल नियमात झाला तर अशा प्रत्येक घराला न्याय मिळेल. गावातली ज्या घरांची वारस नोंद झाली पण हप्ता सुरू झाला नाही, त्यांची यादी आम्ही काही जण करत आहोत. फेरफार क्रमांक, नोंद प्रमाणित झाल्याची तारीख आणि नोंदणीची सद्यस्थिती असे रकाने त्यात आहेत. खरिपाच्या आधी ती तालुक्याला देऊन पोहोच घ्यायची आणि एक प्रत पुण्यात आयुक्तालयात जमा करायची, असे ठरले आहे. ज्यांच्या गावात हे काम करता येण्यासारखे आहे त्यांनी तेच रकाने वापरावेत, म्हणजे चार गावांच्या याद्या एकत्र ठेवता येतील.